माझं, एक्केचाळीस

आधी दिवा.
गोल दिव्याची एक बाजू गेल्या महिन्यात गेली,
म्हणून जोवेलिन जराशी डावीकडे झुकून उभी राहते.
बघणाऱ्यांना वाटतं, ती तिची लकब.
फोनला टेकू दूध पावडरीच्या डब्याचा,
डब्यात तांदूळ, हलू नये म्हणून.
मागे फुलाफुलांचा पडदा, पडद्यामागे आमची शेगडी,
शेगडीमागे खिडकी, आणि खिडकीत बागिओचं धुकं.
ते आत येतं, सगळ्या कपड्यांना हात लावतं
आणि काही न घेता जातं.

माझं काम वहीचं.
मी चित्रात नसते.

गठ्ठा कोरियाचा. न उघडताच विकत घ्यायचा,
आतलं नशीब किलोच्या भावाने.
पट्टी कापली की तो सुस्कारा टाकतो:
डांबरगोळ्या, परका साबण,
कॉलरच्या आत अजून कुणाची तरी मान.
खिसे मी तपासते.
बसचं तिकीट. एका हाताचा मोजा. सुकून खडा झालेली लिची.
आणि आज, हिरव्या लांब कोटात,
कागदात चार घड्या घालून ठेवलेला
एक दुधाचा दात.

कोटाला मी नंबर टोचला, एक्केचाळीस.
दात पुन्हा खिशात.
का, ते विचारू नका.

आठ वाजता जोवेलिन आवाज चढवते.
"आलात का सगळ्या? जेवलात का? ऐकू येतंय?"
इथे बोली लागत नाही.
जी आधी लिहील "माझं", तिचं.
माझं बारा. माझं बारा, मी आधी!
माझं सतरा, धुतल्यावर आटेल का?
माझं वीस, पण नवऱ्याला सांगू नका.
काचेवर माझं, माझं, माझं,
कढईत मोहरी टाकावी तसं,
आणि मी लिहितेय, लिहितेय,
तुगेगारावची ओफेलिया, तबुकची लेती,
दोनशे पेसो, दीडशे, शंभर, पार्सलचे वेगळे.

साडेदहाला माणसं विरळ होतात.
मग येते बेनिल्दा क.
उसवलेलं, डागाळलेलं, चेन अडकलेलं,
ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते सगळं तिचं.
माझं तेवीस. माझं तीस. माझं चौतीस.
पैसे येत नाहीत. कधीच आले नाहीत.
वहीत तिच्या नावापुढे सात आठवड्यांची शून्यं,
एखाद्या पोराने अंडी काढत बसावं तशी.

"हिला काढून टाक," मी मागून खुणावते.
जोवेलिनचं बोट नावावर गेलंही होतं,
तेवढ्यात खालून अक्षरं आली:
क म्हणजे कायाबयाब. पूर्ण वाचत जा.
जोवेलिनने बोट उचललं.
मग वाचलं, सावकाश, दिव्याकडे तोंड करून,
"बेनिल्दा कायाबयाब. तेवीस, तीस, चौतीस.
बेनिल्दाबाई, थंडी आहे ना तिकडेपण?"
बराच वेळ काही आलं नाही.
मग आलं: आहे.

शेवटी हिरवा कोट.
जोवेलिनने तो खांद्यावर घेतला, गिरकी मारली,
बाही दाखवली, अस्तर दाखवलं,
एक बटण नाही तेही दाखवलं.
खिशात हात घातला नाही.
तीनशे. अडीचशे. "अगं, लोकर आहे, लोकर!"
बघणाऱ्या अकरा.
मग नऊ.
माझं ४१, बेनिल्दाने लिहिलं.

आणि मी, वहीवरून मान न उचलता,
"नाही. तो माझा."

जोवेलिन थांबली. धुकंसुद्धा थांबलं असेल.
अकरांचे नऊ झालेले, नवाचे एकदम चौदा:
कोण बोललं? अजून कोण आहे तिथे?
तोंड दाखव! नाव काय तुझं?

जोवेलिनने डब्यावरून फोन उचलला.
तांदूळ सांडले थोडे.
मी वहीने तोंड झाकलं,
आणि झाकल्याझाकल्या लिहिलं:
एक्केचाळीस. कोट, हिरवा. देल्फिना बुग्नोसेन.
रक्कम नंतर.